नोकरी सांभाळून लहान मुलांचं इंग्रजी शिकवायला शिकताना

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज तिशीच्या आसपास आहेत आणि त्यातली काही आता स्वतः खडू हातात घेऊन उभी आहेत. त्यांची अडचण बहुतेक सारखीच असते. डी.एड.ला इंग्रजी हा अनेक विषयांतला एक विषय होता. बी.एड.चा सगळा रोख वरच्या वर्गांवर होता. एम.ए. केलं असेल तर कविता आणि कादंबऱ्या पदरात पडल्या, पण सहा वर्षांच्या मुलाला ‘धिस’ आणि ‘दॅट’ कसं द्यायचं हे कुणी सांगितलं नाही. पदवीनंतर, नोकरी न सोडता, थोडं घरून आणि थोडं प्रत्यक्ष हजर राहून करायचा अभ्यासक्रम अशांच्या कामाचा असतो. हा लेख अशा नवशिक्यांसाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. अभ्यासक्रम निवडताना विद्यापीठाचं नाव, पुस्तकांची जाडी आणि ॲपची चकाकी हे सगळं नंतर बघा. तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तुमचा पाठ कुणी बघणार आहे का, किती वेळा बघणार आणि नंतर तुमच्याशी बोलणार का, हे आधी विचारा. पुढचं सगळं या एका प्रश्नाच्या भोवतीच फिरतं.

आधी कशासाठी, ते ठरवा

इथे घोळ फार होतो. इंग्रजी अध्यापनाचं पदव्युत्तर प्रमाणपत्र तुमचं कौशल्य वाढवतं, पण सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिक्षक म्हणून लागायचा परवाना देत नाही. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. (जुन्या बोलीत डी.एड.) आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. बी.एड. झालंय म्हणून प्राथमिकला चालेल, हा समज सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2023 च्या निकालाने निकालात निघाला. एखादी संस्था फोनवर ‘हे केलं की झेडपीत नंबर लागतो’ असं सांगत असेल, तर फोन ठेवा.

टीईटीच्या पहिल्या पेपरात 150 पैकी 30 गुण दुसऱ्या भाषेचे असतात. तिथे इंग्रजी घेणाऱ्यांना या अभ्यासाचा हातभार लागतो, कारण भाषा कशी शिकवावी हेही त्यात विचारतात. तो फायदा वरकड समजा.

खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळा, बालवाडी, घरचे वर्ग, परदेशी गेल्यावर मिळेल ते काम, यांचं गणित वेगळं असतं. तिथे मुलाखतीत बऱ्याचदा एक छोटा पाठ घ्यायला लावतात आणि वर्गात कमावलेलं तिथेच दिसतं. तीन ते सहा वयाची मुलं हाच तुमचा वर्ग असेल, तर नुसत्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमाने भागणार नाही. बालविकासाची बाजूही पक्की करावी लागेल. त्यासाठी इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) बालसंगोपन व शिक्षणाची पदविका आहे. तिला बारावी पुरते, पण पदवीधरांनीही ती कमी समजू नये.

वाटा कोणत्या

‘मिश्र पद्धत’ म्हणजे काय, यावर जो तो आपापला अर्थ काढतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये मांडलेल्या संकल्पनेत विषयाचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि उरलेला समोरासमोर, असा विचार होता. दूरशिक्षणात प्रमाण उलटं असतं. साहित्य घरी येतं, स्वाध्याय लिहायचे असतात आणि संपर्कवर्गांना मोजके दिवस हजर राहायचं असतं. जाहिरातीत दोन्हींना ‘ब्लेंडेड’ म्हणतात, म्हणून तो शब्द बाजूला ठेवून हजेरीचे दिवस किती तेवढं विचारा.

आपल्याकडे या विषयातलं जुनं घर म्हणजे हैदराबादचं इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ, सगळे ज्याला इफ्लू म्हणतात ते. 1958 साली केंद्रीय इंग्रजी संस्था म्हणून ते सुरू झालं आणि 2007 मध्ये केंद्रीय विद्यापीठ झालं. इंग्रजी अध्यापनाचं पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि त्यापुढची पदविका दूरशिक्षणाने करण्यासाठी ते ओळखलं जातं. भाषाशास्त्र, ध्वनी, अध्यापनपद्धती हा पाया तिथे पक्का होतो. अभ्यास एकूण इंग्रजी अध्यापनाचा आहे, लहान मुलांपुरता बांधलेला नाही. स्वाध्यायासाठी आणि प्रकल्पासाठी आपला वर्ग निवडून तो रोख तुम्हीच आणायचा. यंदाचे प्रवेश आणि पात्रतेची अट त्यांच्या माहितीपुस्तिकेतच वाचा. शेजारच्या बाईंनी केलं तेव्हाची अट आता तीच असेल असं धरून चालू नका.

दुसरी वाट इग्नूची. तिथला इंग्रजी अध्यापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम नावाने लहान असला तरी पदवीधरांसाठी आहे, आणि दोन वर्षांचं प्राथमिक शिक्षक प्रशिक्षण घेतलेल्यांनाही खुला आहे. त्यात शेवटी प्राथमिक स्तर की माध्यमिक स्तर अशी निवड असते. तुम्ही अर्थातच प्राथमिक घ्यायचा. महाराष्ट्रात इग्नूची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत. फी तुलनेने परवडते आणि छापील साहित्य वाचनीय आहे. वर्गात येऊन कुणी पाठ बघावा एवढी सोय मात्र स्वतः जमवावी लागते. ती कशी, ते पुढे येतंच.

परदेशी नावांपैकी सेल्टा, म्हणजे केंब्रिजचं इंग्रजी अध्यापनाचं प्रमाणपत्र, सगळ्यांच्या तोंडी असते. चांगलाच कस लागतो तिथे. सुमारे 120 तासांचं प्रशिक्षण असतं आणि त्यात सहा तास तुम्ही खऱ्या वर्गावर, परीक्षकांसमोर शिकवता. अडचण एवढीच की तो वर्ग मोठ्यांचा असतो. पहिलीतल्या मुलांपुढे सेल्टाची बरीचशी हत्यारं बोथट ठरतात. केंब्रिजचीच टीकेटी नावाची, अध्यापनाचं ज्ञान तपासणारी परीक्षा आहे, तिचा एक भाग लहान विद्यार्थ्यांवर आहे: 80 बहुपर्यायी प्रश्न, 80 मिनिटं. शिकवणं ती तपासत नाही. स्वतःच्या अभ्यासाला शिस्त लागावी म्हणून देणार असाल तर जरूर द्या.

राहिली ती ‘120 तासांचं टेफल, आज 90 टक्के सूट’ अशी जाहिरात. टेफल म्हणजे परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणं. व्हिडिओ बघा, बटणं दाबा, प्रमाणपत्र उतरवून घ्या. त्यातले काही व्हिडिओ खरंच चांगले असतात. पण एकही मूल समोर न येता मिळालेल्या कागदाला तेवढीच किंमत द्यावी.

पैसे भरण्याआधी

भारतातला अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबीच्या) संकेतस्थळावर त्या संस्थेचं, त्या अभ्यासक्रमाचं आणि त्या सत्राचं नाव शोधा. तिन्ही जुळायला हवीत. संस्थेला मान्यता आहे म्हणून तिच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला असते असं नाही. प्रवेशासाठी आता एबीसी क्रमांक (श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा) आणि डीईबी क्रमांकही काढावा लागतो. आधारवरचं नाव आणि पदवीवरचं नाव यांत फरक असेल (लग्नानंतर नाव बदललेल्यांचा तो हमखास असतो) तर ते आधी निस्तरा. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत बसून ते होत नाही.

मग फोन लावा आणि माणसाशी बोला. संपर्कवर्ग कुठे आणि कोणत्या महिन्यात? शाळेच्या सत्र परीक्षेत येतात का? पाठ कोण बघतं, प्रत्यक्ष की रेकॉर्डिंगवर? लेखी अभिप्राय मिळतो का? पाठ तुमच्याच शाळेत घेता येतो की त्यांनी ठरवलेल्या शाळेत? वर्गच नसेल, म्हणजे तुम्ही सध्या नोकरीत नसाल, तर संस्था वर्ग मिळवून देते का? शिकवणाऱ्यांनी स्वतः कधी लहान मुलांना शिकवलंय का? या शेवटच्या प्रश्नावर पलीकडे थोडी शांतता झाली, तर काय समजायचं ते समजा.

खर्चात फीशिवाय परीक्षा शुल्क, प्रवास, राहणं आणि बिनपगारी रजा धरा. कोकणातून किंवा मेळघाटातून हैदराबादला जाणाऱ्याचा आकडा पुण्यातल्या माणसाच्या आकड्यापेक्षा वेगळाच येणार.

तासांचा हिशेब

श्रेयांक म्हणजे तास. इग्नूमध्ये एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास. वर सांगितलेला प्रमाणपत्र अभ्यासक्रम 16 श्रेयांकांचा, म्हणजे 480 तासांचा. किमान मुदत सहा महिने. त्यात बसवायचा तर आठवड्याला अठरा तासांहून जास्त लागतात. शाळा, घर आणि निवडणुकीची ड्यूटी सांभाळून हे कुणाला जमतं, मला ठाऊक नाही. वर्षभरात पसरला तर आठवड्याला नऊ-साडेनऊ तास होतात: रोज एक तास आणि रविवारी तीन. हे जमतं. कमाल मुदत दोन वर्षांची असते, म्हणून घाई नको. पण दोन वर्षं आहेत म्हणून पहिले सहा महिने पाकीट न फोडणारेही पुष्कळ असतात.

बाराच्या आधी शाळा सुटणाऱ्यांनी दुपारी झोपायच्या आधीचा तास राखावा. रात्री दहानंतर भाषाशास्त्र डोक्यात शिरत नाही.

आपलं इंग्रजी, मुलांच्या कानाने

अभ्यासक्रमात ध्वनिविचाराचा भाग आला की निम्मे लोक घाबरतात. चिन्हं पाठ करण्यात अडकू नका. इंग्रजीत ढोबळमानाने 44 ध्वनी आणि अक्षरं 26, एवढं लक्षात घेतलं की बाकीचा गोंधळ कुठून येतो ते उमगतं.

मराठी बोलणाऱ्यांनी स्वतःचे मोजके ध्वनी तपासावेत. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘वॉल’ म्हणताना ओठांचा चंबू होतो. आपण दोन्हीकडे मधलाच ‘व’ लावतो. ‘फॅन’चा ‘फ’ आपण ओठ मिटून फुंकतो, तिथेही दात ओठाला टेकायला हवेत. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतली लांबी लिहिताना आपण पाळतो, बोलताना सोडतो. बीबीसीसारखं बोलायची गरज नाही, तसा प्रयत्न ऐकायलाही बरा वाटत नाही. मुलाला दोन शब्द वेगळे ऐकू यावेत इतपत स्वच्छता पुरे. फोनवर स्वतःचा दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. लाज वाटेल, पण ऐका.

आता वाचनाकडे. आपल्या शाळांत ‘बी ए टी बॅट, बॅट म्हणजे फळी’ हा घोष अजून चालतो. त्यात अक्षरांची नावं आहेत, आवाज नाहीत. ‘बी’, ‘ए’, ‘टी’ कितीही भरभर म्हटलं तरी त्यातून ‘बॅट’ निघत नाही. मूल शेवटचा शब्द पाठ करतं आणि आपल्याला वाटतं वाचलं. आवाजाकडून जायचं तर ‘ब्’, ‘ॲ’, ‘ट्’. आणि इथे मराठी मुलाकडे एक ठेवा आधीच असतो. बाराखडीत त्याने व्यंजनाला स्वर जोडून नवा आवाज करायची सवय केलेली असते. ‘ब्’ आणि ‘ॲ’ मिळून ‘बॅ’, हे त्याला नवं नाही. फक्त तुम्ही ‘ब्’ म्हणताना मागे ‘अ’ चिकटवू नका, नाहीतर ‘ब-ॲ-ट’ होतं आणि जोडणी फसते. ए पासून झेडपर्यंत रांगेने जाण्यापेक्षा एस, ए, टी, आय, पी, एन या अक्षरांनी सुरुवात करण्याची रीत आहे, कारण एवढ्यावरच ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’, ‘नॅप’ असे कितीतरी शब्द जुळतात. ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’, ‘वन’ असले शब्द या नियमात बसत नाहीत. ते चेहरा ओळखावा तसे नजरेनेच ओळखायला शिकवावे लागतात.

पण हे सगळं कानावर पुरेसं इंग्रजी पडल्यानंतर. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातही आधी घरच्या किंवा परिचयाच्या भाषेत वाचन-लेखन पक्कं करावं आणि दुसरी भाषा तोंडी सुरू करावी, असाच क्रम आहे. पालक मात्र जुलैतच वही उघडून ‘काहीच लिहून घेतलं नाही?’ म्हणून विचारतात. त्यांना पालकसभेत मुलांकडून दोन खेळ करून दाखवा. भाषण देऊ नका.

पुस्तकातली नावं

पुस्तकांत पिआजे, व्हायगॉट्स्की, ब्रूनर हे मुलं कशी शिकतात याचा अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ भेटतील. त्यांच्यावर प्रश्न येतात, म्हणून वाचाच. मला रोजच्या कामात उपयोगी पडले ते दोघे. एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर. त्याची पद्धत म्हणजे सांगितलेलं अंगाने करून दाखवणं. ‘स्टँड अप’, ‘टच युवर नोज’, ‘पुट द बॅग अंडर द बेंच’. मूल बोलण्याआधी समजतं आणि समजलं हे हालचालीतून दाखवतं. पहिल्या महिन्यात न बोलणारी मुलं वर्गात असतातच, त्यांना यात जागा मिळते. त्यांच्या गप्प बसण्याला ‘येत नाही’ असं लेबल लावू नका.

दुसरे आपले इंग्रजी अध्यापनतज्ज्ञ एन. एस. प्रभू. 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत त्यांनी चालवलेला प्रकल्प जगभरच्या अभ्यासक्रमांत ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून शिकवतात. व्याकरण समजावून सांगण्याऐवजी मुलांपुढे सोडवायला काम ठेवायचं: नकाशा वाचा, वेळापत्रकावरून गाडी शोधा. कामाच्या ओघात भाषा येते. तीही भरलेल्या वर्गांत आणि साध्या साधनांवर. परदेशी पुस्तकातली पद्धत ‘आपल्याकडे नाही चालत’ असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, तर हे उदाहरण हाताशी ठेवा.

पहिला निरीक्षित पाठ

आता खरं काम. समजा दुसरीचा वर्ग आहे, तीसेक मुलं, 35 मिनिटांची तासिका. पाठाच्या टाचणात नवशिके ‘विद्यार्थ्यांना भाज्यांची माहिती होईल’ असं लिहितात. भाज्यांची माहिती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त असते, निम्म्यांच्या घरी भाजी पिकते. उद्दिष्ट असं लिहा की ते ऐकू येईल: पिशवीत हात घातलेल्या मित्राला मूल ‘इज इट अ पोटॅटो?’ असं विचारेल आणि मित्र ‘येस, इट इज’ किंवा ‘नो, इट इजन्ट’ म्हणेल. बस, एवढंच.

घरातून कांदा, बटाटा, टोमॅटो, गाजर, लिंबू आणा. चित्रं नकोत, खऱ्या वस्तूंना वास असतो. पहिली पाच-सात मिनिटं फक्त ऐकणं आणि करणं: ‘स्मेल द अनियन’, ‘रोल द लेमन’, ‘गिव्ह इट टू युवर फ्रेंड’. ‘रिपीट आफ्टर मी’ लगेच सुरू करू नका. मग सगळं कापडी पिशवीत टाका आणि स्वतः हात घाला, मुलांनी ओळखायचं. आता उलट करा. एका मुलाचा हात पिशवीत आणि तुम्ही मुद्दाम चुकीचं विचारा: लिंबू हाताशी आलंय आणि तुम्ही म्हणता, ‘इज इट अ कॅरट?’ सगळा वर्ग ‘नो!’ म्हणून ओरडतो. तिथे ‘नो, इट इजन्ट’ हे गाण्यासारखं तोंडी बसवा. ‘ॲन अनियन’ का आणि ‘अ लेमन’ का, हे समजावू नका. नुसतं बरोबर म्हणत राहा.

इथपर्यंत पाठ सगळ्यांचा छान जातो. पुढे बिघडतो. एक पिशवी, एक मूल पुढे आणि बाकीचे एकोणतीस वाट बघत. तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेत ढकलाढकली सुरू होते आणि शिक्षक ‘सायलेन्स’ म्हणू लागतो. यावर दरडावणं हा उपाय नाही. पाच-सहा उशांचे अभ्रे आणा आणि प्रत्येक गटाला एक द्या. पण आधी सूचना, मग सामान. सामान हातात पडलं की सूचना कुणी ऐकत नाही. सूचना इंग्रजीत तीन वाक्यं बोलून देऊ नका, दोन मुलांना पुढे घेऊन एक फेरी खेळून दाखवा. ‘अंडरस्टूड?’ हा प्रश्न विसरून जा. त्याला ‘येस टीचर’ याशिवाय दुसरं उत्तर आजवर आलेलं नाही.

खेळ सुरू असताना एखादा पठ्ठ्या ओरडतो, ‘टीचर, इट इज लसूण!’ त्याने कुणाच्या डब्याशेजारून लसणाची पाकळी पिशवीत टाकलेली असते. इथे ‘स्पीक इन इंग्लिश’ म्हणाल तर पाठ मेला. ‘येस! गार्लिक! इट्स गार्लिक!’ म्हणा आणि पुढे चला. मुलाने इंग्रजी वाक्याचा सांगाडा बरोबर वापरला आणि जो शब्द नव्हता तिथे आपला घातला. भाषा शिकणारा माणूस असंच करतो. मराठी वर्गातून हद्दपार करायची नाही. तुम्ही स्वतः मात्र प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे त्याचं मराठी भाषांतर लावू नका, कारण मग मुलं इंग्रजी वाक्य संपायची वाट बघतात आणि मराठीच ऐकतात.

शेवटची पाच मिनिटं वहीत एक भाजी काढून तिच्याखाली नाव. घंटा वाजली तर हे सोडून द्या. घाईने गुंडाळलेलं लेखन निरीक्षकाला दिसतंच.

निरीक्षक कुठून आणायचा

अभ्यासक्रमातच असेल तर उत्तम. नसेल तर शाळेतल्या एका सहकाऱ्याला तयार करा. इंग्रजी शिकवणारा असायलाच हवा असं नाही. त्याच्या हातात वर्गाच्या बैठकीचा नकाशा द्या आणि एकच काम सांगा: जे मूल इंग्रजीत स्वतःहून बोललं त्याच्या चौकोनात टिंब काढायचं. पाठ संपल्यावर तो कागद बघा. पुढच्या दोन बाकांवर टिंबांची गर्दी, खिडकीकडची रांग कोरी, असं चित्र जवळपास प्रत्येकाच्या पहिल्या पाठात दिसतं. ‘मुलांनी खूप एन्जॉय केलं’ या वाक्यापेक्षा हा कागद तुमच्या चिंतन-नोंदीत शंभरपट मोलाचा. पुढच्या पाठात त्या रांगेसाठी काय बदललं आणि टिंबं सरकली का, एवढं लिहिलं की तुमचा कृतिसंशोधनाचा विषय तयार झाला. त्यासाठी वेगळा विषय शोधत हिंडू नका.

महाराष्ट्रात 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘तेजस’ प्रकल्पात ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट आणि राज्य शासन यांनी शिक्षकांचे छोटे गट बांधले होते. ‘टॅग’ म्हणायचे त्यांना. शिक्षक एकत्र बसून एखादी कृती करून बघायचे, वर्गात वापरायचे आणि पुढच्या बैठकीत काय झालं ते सांगायचे. तुमच्या तालुक्यात त्यातले कुणी शिक्षक असतील तर त्यांना गाठा, बोलायला ते तयार असतात. नाहीतर आपल्याच तुकडीतले तिघे-चौघे धरून असा गट करा. व्हॉट्सॲप गट नुसता ‘गुड मॉर्निंग’चा होऊ नये म्हणून आठवड्याला एकाने आपल्या वर्गातली एक चूक आवाजी संदेशात सांगायची, असा नियम घाला.

कॅमेरा सुरू करण्याआधी

पाठाचं रेकॉर्डिंग मागणारे अभ्यासक्रम आता बरेच आहेत. मुलं अठराच्या आतली, त्यामुळे 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या नजरेतून पालकांची संमती हा मोठा विषय आहे. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, मराठीतल्या संमतीपत्रावर पालकांची सही आणि व्हिडिओ फक्त मूल्यमापनासाठी जाणार हे स्पष्ट वाक्य, एवढं हवंच. ज्यांची सही नाही ती मुलं वर्गातच राहतील, फक्त कॅमेऱ्याच्या कोनाबाहेर. व्हिडिओ तुमच्या स्टेटसला लावू नका, कितीही गोड आला तरी. तांत्रिक बाजूला एकच सांगते: फोन मागच्या भिंतीला टेकवला तर तुमचा आवाज येतो, मुलांचा येत नाही आणि परीक्षकाला मुलांचाच ऐकायचा असतो. बाजूच्या मधल्या बाकाशी ठेवा आणि पंखा बंद करा.

स्वाध्याय, परीक्षा, कागद

इग्नूसारख्या ठिकाणी बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायाला 30 टक्के आणि सत्रांत परीक्षेला 70 टक्के भार असतो. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. स्वाध्याय वेळेत गेले नाहीत तर परीक्षेला बसूनही निकाल अर्धवट अडकतो. पाठवलेल्या प्रत्येक पानाचा फोटो आणि पोचपावती जपून ठेवा. दुसऱ्याचा स्वाध्याय उतरवणं किंवा एआयकडून लिहून घेणं चटकन ओळखू येतं. त्यात तुमच्या वर्गातलं एकही मूल नसतं, लसूण नसतो, पंखा नसतो.

उत्तर इंग्रजीत लिहायचं असतं आणि तिथे अनेकांचा हात अडतो. लांब वाक्यांचा सोस सोडा. आधी वर्गात काय झालं ते साध्या भूतकाळात लिहा, मग त्याला पुस्तकातली संकल्पना जोडा. उलटं केलं की पुस्तकाचा सारांश होतो आणि गुण तिथेच थांबतात.

निकाल आल्यावर श्रेयांक एबीसी खात्यात दिसतात का ते तपासा, प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये घ्या आणि शाळेच्या कार्यालयात एक प्रत देऊन सेवापुस्तकात नोंद करायला लावा. तीन पाठांची टाचणं, टिंबांचे दोन नकाशे आणि निरीक्षकाचा एक अभिप्राय अशी पातळ फाइल वेगळी बांधा. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राच्या वर ती ठेवा.